तीन पाव, तीन वाटा

सकाळी साडेसहाच्या सुमारास आमच्या गोव्यातल्या फोंड्याच्या वाड्यावर पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, सायकलचा भोंगा वाजतो. टोपलीवरचं प्लास्टिक त्यानं बाजूला सारलं की ऊन वाफ तोंडावर येते. परवा पाव घेताना शेजारच्या काकांनी मोबाइल पुढे केला. त्यावर फिरत फिरत आलेला मजकूर होता : पीठ पायांनी तुडवायचे, म्हणून पाव. असाच आणखी एक मजकूर मला पूर्वी आला होता : चारांच्या लादीतला एक, म्हणजे पाव हिस्सा, म्हणून पाव. दोन्ही चूक, आणि खरी हकिगत या दोन्हींपेक्षा कितीतरी देखणी आहे.

मराठीत 'पाव' हा एक शब्द नाही, तीन आहेत. तिन्हींतला 'व' वेगवेगळ्या वाटेनं आला आहे.

पाव किलोतला पाव म्हणजे संस्कृत 'पाद'. चार पायांच्या जनावराचा एक पाय म्हणजे चौथा हिस्सा. श्लोकाच्या चौथ्या हिश्शालाही म्हणूनच पाद म्हणतात. प्राकृतात दोन स्वरांमधला 'द' गळाला आणि 'पाअ' उरलं. असे दोन स्वर एकमेकांना चिकटले की बोलताना तोंड मध्ये काहीतरी भरतं. 'व' भरला तिथे पाव झाला, 'य' भरला तिथे पाय झाला. 'घात'चा घाव असाच झाला.

'देव पावला' मधला पाव संस्कृत 'प्राप्' (मिळणं, पोचणं) यापासून आला. इथे 'व' हा मुळातला 'प' आहे. दोन स्वरांच्या मध्ये सापडलेल्या 'प'साठी ओठ पुरते मिटेनासे होतात आणि 'प'चा 'व' होतो : कपाटाचं कवाड, दीपाचा दिवा, 'सपाद'चा सव्वा.

शब्द सारखे ऐकू येतात एवढ्यावर नातं ठरत नाही. ध्वनी कोणत्या नियमानं बदलला ते दाखवावं लागतं, आणि तोच नियम इतर शब्दांनाही लागू पडावा लागतो. जगातल्या प्रत्येक शब्दाला संस्कृत मूळ चिकटवणारे मजकूर ही पायरीच गाळतात. त्यानं संस्कृतचा मान वाढत नाही.

आता पोदेराचा पाव. लॅटिनमध्ये भाकरीला 'पानिस', कर्मरूपात 'पानेम'. शेवटचा 'म' गेला, मग 'ए' गेला, 'पान' उरलं. स्पॅनिश तिथेच थांबली. पोर्तुगीज मात्र पुढे गेली, आणि माझा सगळा जीव या पुढच्या टप्प्यात आहे. 'न' म्हणताना दोन गोष्टी घडतात : जिभेचं टोक दातांमागे टेकतं आणि पडजिभेकडचा मऊ पडदा खाली येऊन हवा नाकातून जाते. पोर्तुगिजांच्या तोंडी जीभ टेकायची थांबली, पडदा मात्र खालीच राहिला. त्यामुळे व्यंजन नाहीसं झालं आणि त्याचं गुंजन आधीच्या स्वरात मुरलं. शेवटी ओठही गोल झाले : 'पाँव'. नाक चिमटीत धरून आधी 'पाव' म्हणा, मग 'पाँव' म्हणा. दुसऱ्या वेळी आवाज कोंडतो. तो कोंडणारा भाग म्हणजे लॅटिनमधला 'न'.

1510 साली पोर्तुगिजांनी गोवा घेतला, 1543 साली ते जपानला पोचले. दोन्हीकडे हाच शब्द उतरला. जपानीत अक्षराच्या शेवटी नाकातला 'न' येतो, म्हणून त्यांनी नाकातला भाग धरला आणि 'व' सोडला : जपानीत पावाला 'पान' म्हणतात. तोच शब्द पुढे कोरियात 'प्पांग' झाला. मराठीनं नेमकं उलट केलं. 'व' ठेवला आणि नाकातला सूर सोडून दिला. जाहीर बोलीच्या विक्रीला पोर्तुगिजांचा शब्द 'लेलाँव', त्याचा आपण 'लिलाव' केला, तोही याच रीतीनं.

दोन्ही भाग शाबूत ऐकायचे असतील तर 24 जूनला गोव्यात असावं. डोक्यावर पानाफुलांचे मुकुट घालून लोक विहिरीत उड्या टाकतात तो दिवस, संत जॉनचा. पोर्तुगीजमध्ये 'साँव जुआँव'. कोंकणीनं त्याचं केलं 'सांजांव'. शेवटचा 'व' जागेवर आहे, आणि त्याच्या आधीचा नाकातला सूरही.