शेल खडकावर कार्बन डाय-ऑक्साइडचा परिणाम

शेल हा बारीक गाळापासून बनलेला पापुद्र्यांचा खडक. त्यातील नैसर्गिक वायूचा काही भाग छिद्रांत व भेगांत मोकळा असतो. उरलेला केरोजेनच्या (खडकातील सेंद्रिय द्रव्याच्या) व चिकणमातीच्या खनिजांच्या पृष्ठभागाला चिकटलेला, म्हणजे अधिशोषित असतो. हा दुसरा वाटा खडकागणिक साधारण २० ते ८० टक्के भरतो. विहिरीतला दाब उतरला की मोकळा वायू लवकर निघतो, चिकटलेला मात्र रेंगाळतो. त्याला सोडवण्यासाठी कार्बन डाय-ऑक्साइड वापरतात.

केरोजेनला मिथेनपेक्षा कार्बन डाय-ऑक्साइडची ओढ जास्त. सारख्या तापमानाला व दाबाला तो कित्येक पटींनी अधिक चिकटतो आणि मिथेनची जागा घेतो. त्याचा रेणूही बारीक (गतिज व्यास ०.३३ नॅनोमीटर, मिथेनचा ०.३८), म्हणून मिथेन जिथे अडखळतो तिथेही तो शिरतो. ३१° से. व ७.३८ मेगापास्कलच्या वर तो अतिक्रांतिक होतो: घनता द्रवाच्या जवळपास, पण वाहण्यात वायूसारखा सैल.

मेख इथेच आहे. ज्या अधिशोषणामुळे मिथेन सुटतो, त्यानेच केरोजेन फुगते. वरच्या थरांच्या भारामुळे खडकाला बाहेर पसरता येत नाही, मग फुगवटा भेगांची जागा खातो आणि पार्यता (वायू आरपार जाऊ देण्याची क्षमता) घटते. असा भार न देता मोकळ्या नमुन्यावर मोजलेल्या पार्यतेवर म्हणूनच विसंबू नये.

पाणी असेल तर कार्बॉनिक आम्ल तयार होते व कॅल्साइट (चुनखडीचे खनिज) विरघळते. छिद्रे रुंदावतात, पण खडक मऊ पडतो आणि भेगा उघड्या ठेवणारी वाळू भिंतींत रुतते. कोरडा कार्बन डाय-ऑक्साइड उलट विहिरीजवळचे खारे पाणी सुकवतो. मागे राहिलेले मीठ छिद्रे बुजवते.

एका विहिरीतून सोडून दुसरीतून वायू काढायचा, तर कार्बन डाय-ऑक्साइड खडकात न मुरता जोडलेल्या भेगांतून थेट पलीकडे पोहोचण्याचा धोका असतो. त्यामुळे एकाच विहिरीत ‘भरा, मुरवा, काढा’ ही पद्धत सोयीची. सुमारे २० बार (१ बार म्हणजे ०.१ मेगापास्कल) व उणे २०° से.ला आणलेला द्रव कार्बन डाय-ऑक्साइड पंपाने, खडक फुटण्याच्या दाबाखालीच, आत सोडतात; विहीर बंद ठेवतात; मग हळूहळू उघडतात. घाई केली आणि नळीतला दाब एकदम ५.२ बारखाली गेला, तर शुष्क बर्फ (गोठलेला कार्बन डाय-ऑक्साइड) धरून झडप तुंबते. सुरुवातीच्या वायूत कार्बन डाय-ऑक्साइड फार असतो, तो अमाइनच्या (कार्बन डाय-ऑक्साइड शोषणाऱ्या रसायनाच्या) द्रावणाने वेगळा काढावा लागतो. वायू ओलसर असेल तर साध्या पोलादाच्या नळ्या गंजतात, तिथे क्रोमियमयुक्त पोलाद लागते.

अमेरिकेत टेनेसीतील मॉर्गन काउंटीत २०१४ साली चॅटनूगा शेलमधील आडव्या विहिरीत सुमारे ५१० टन कार्बन डाय-ऑक्साइड सोडला गेला. काही महिने मुरवून विहीर उघडल्यावर वायूचा प्रवाह वाढलेला आढळला, आणि इथेनसारखे जड घटकही.