लहान खोलीत मोठं चित्र? खुशाल लावा!

‘खोली लहान असेल तर चित्रही लहानच लावावं, मोठ्या चित्रानं जागा आणखी कोंदट वाटते,’ असं वर्षानुवर्षं सांगितलं जातं. तसं मुळीच नाही. मोकळ्या भिंतीवर वहीएवढी फ्रेम टांगली की ती हरवून जाते, आणि तशाच पाच-सहा इकडेतिकडे लावल्या की नजर कुठे ठरतच नाही. खोलीत गर्दी वाटते ती त्यामुळे. एकच मोठं चित्र भिंत शांत करतं. त्यात लांबवर गेलेली वाट किंवा क्षितिज असेल, तर भिंतीपलीकडेही जागा असल्याचा भास होतो. सोफ्याच्या वर लावायचं तर रुंदी सोफ्याच्या साधारण दोन-तृतीयांश धरा.

खरी चूक होते ती उंचीत. चित्रं फार वर टांगली जातात. चित्राचा मध्य जमिनीपासून सुमारे १४५ ते १५० सेंटीमीटरवर, म्हणजे नजरेसमोर हवा. कलादालनांतही साधारण असंच माप धरतात.

खिळा ठोकण्याआधी चित्राच्या मापाचा जुना पेपर कापा, चिकटपट्टीनं भिंतीवर लावा आणि एक-दोन दिवस येता-जाता बघा. चित्र जलरंगातलं असेल तर थेट उन्हाची भिंत टाळाच; साध्या काचेमुळे रंग उडायचे थांबत नाहीत.