चिखलाखालची बॅटरी

माळशेजहून परतलेली एक फोर बाय फोर आमच्या घोडबंदर रोडच्या सोसायटीत तीन आठवडे चिखलासकट उभी होती. बॉनेट आणि दारं पुसून लख्ख, पण चाकांवरच्या कमानींत बोटभर जाडीचा थर तसाच. मालकांना विचारलं, तर म्हणाले, "राहू द्या हो. मातीमुळे पत्र्याला हवाच लागत नाही, मग गंज कसा चढेल?"

गंजायला लोखंड, पाणी आणि ऑक्सिजन लागतो हे आपण शाळेत शिकलो. त्यावरून त्यांचं म्हणणं पटण्यासारखंच आहे. घडतं मात्र नेमकं उलटं, आणि त्यामागचं कारण मला फार देखणं वाटतं.

घासून चकचकीत केलेल्या लोखंडी पट्टीवर मिठाच्या पाण्याचा एक थेंब ठेवा. काही तासांनी थेंबात तांबूस कडं उमटतं. पुसून भिंगातून पाहिलं तर काठाचं लोखंड शाबूत असतं, झिजलेलं असतं ते मध्यभागी. १९२०च्या दशकात केंब्रिजमध्ये गंजाचे अभ्यासक युलिक इव्हान्स यांनी अशाच थेंबात फेरिसायनाइड आणि फिनॉल्फ्थॅलिन ही रंग बदलून खूण देणारी रसायनं मिसळली. मध्यभाग निळा झाला, म्हणजे तिथे लोखंड विरघळत होतं. काठ गुलाबी झाला, म्हणजे तिथे अल्कली तयार होत होतं.

काठाशी पाण्याचा थर पातळ असतो, तिथे ऑक्सिजन पटकन पोचतो. मध्यभागी पोचायला वेळ लागतो, कारण पाण्यात ऑक्सिजन हवेपेक्षा सुमारे दहा हजार पट सावकाश पसरतो. काठावरच्या ऑक्सिजनला इलेक्ट्रॉन हवे असतात आणि ते धातूतून वाहत येतात मध्यभागातून. इलेक्ट्रॉन देऊन बसलेलं तिथलं लोखंड आयन, म्हणजे विद्युतभारित कण, होऊन पाण्यात उतरतं. एकाच पत्र्याची दोन टोकं झाली, बॅटरी तयार! जिथे ऑक्सिजन कमी, तिथेच पत्रा खाल्ला जातो.

कमानीतला ओला चिखल हा असाच एक जाडजूड थेंब. खडीने रंगाचा टवका उडालेला असेल तिथून सुरुवात होते. चिखलाखाली साठलेले धन लोहआयन बाहेरून ऋण क्लोराइड ओढून घेतात, शिवाय पाण्याशी अभिक्रिया होऊन हायड्रोजन आयन सुटतात. म्हणजे आत आम्ल तयार होतं, आम्लामुळे आणखी लोखंड विरघळतं, त्यातून आणखी आम्ल. एकदा सुरू झालं की हे स्वतःच स्वतःला पोसत राहतं.

उरण-अलिबागकडच्या किनाऱ्यालगतच्या वाटांवरून आलेल्या गाडीचं दुखणं आणखी वाढतं. साधं मीठ हवेत सुमारे ७५ टक्क्यांहून जास्त आर्द्रता असली की पाणी ओढून विरघळतं, आणि खाडीकाठच्या पावसाळ्यात तेवढी आर्द्रता नेहमीचीच. समुद्री मिठातल्या मॅग्नेशियम क्लोराइडला तर सुमारे ३३ टक्केही पुरतात. वरून सुकलेला दिसणारा चिखल आतून ओलाच राहतो.

अशा वेळी '९एच' सिरॅमिक कोटिंग घेतलं की गंजाची चिंता मिटली, असं सांगून हजारो रुपये उकळले जातात याचा मला राग येतो. ९एच हे पेन्सिलीच्या कठीणपणाचं माप आहे, कोणत्या पेन्सिलीने थरावर ओरखडा उठतो याचं. कोटिंग रंगावर असतं. बॅटरी चालते ती चाकांच्या कमानींत आणि दारांच्या खालच्या दुमडीत. ओल्या किंवा गंजलेल्या पत्र्यावर जाड अंडरकोटिंग, म्हणजे गाडीच्या खालच्या बाजूला द्यायचा लेप, फासणं त्याहून वाईट, कारण ते पाणी आत कोंडून ठेवतं. पत्रा आधी स्वच्छ आणि कोरडा हवा.

धुताना जोरापेक्षा पाणी महत्त्वाचं. आधी चिखल भिजू द्यावा, मग नळीने कमानी, चॅसीचे कोपरे आणि खालची बाजू गढूळपणा जाईपर्यंत धुवावी. खाऱ्या बोअरचं पाणी वापरू नये. रंगावर कोरडं फडकं तर मुळीच फिरवू नये, मातीतले क्वार्ट्झचे कण त्यावर ओरखडे पाडतात.

रविवारी आम्ही दोघांनी मिळून ती गाडी धुतली. दाराच्या तळाची पाणी निघायची भोकं चिखलाने बुजलेली होती. खराट्याच्या काडीने मोकळी केली, तर आतून तांबूस पाणी बराच वेळ गळत होतं.