लिव्हरची .२२ रायफल आली कुठून?

अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात किंवा केंटकीत खारी-सशांच्या शिकारीसाठी लिव्हर-अ‍ॅक्शनची .२२ रायफल घ्यायला निघालेल्या माणसापुढे आजही मोजकीच नावं असतात. हेन्री, ब्राउनिंग बीएल-२२ आणि जुन्या बंदुकांच्या बाजारात मार्लिन ३९ए आणि विंचेस्टर ९४२२. चापाखालचा दांडा, म्हणजे लिव्हर, खाली-वर केला की पुढचं काडतूस नळीत येतं, ती ही रायफल; .२२ हे तिच्या नळीचं इंचातलं माप. पुष्कळांना वाटतं की ही काउबॉयच्या मोठ्या रायफलीची धाकटी आवृत्ती आहे. प्रत्यक्षात क्रम उलटा आहे. लिव्हरची रायफल पहिल्यांदा नावारूपाला आली ती रिमफायर काडतुसावर, म्हणजे ज्याच्या बुडाच्या कडेवर पिन आपटते त्यावर, आणि मोठी सेंटरफायर काडतुसं, ज्यांच्या बुडाच्या मध्यावर पिन आपटते ती, तिच्यात नंतर आली.

मराठी वाचकाला खारीची शिकार म्हटलं की शेकरू आठवेल आणि अंगावर काटा येईल, ते साहजिक आहे. इथे विषय अमेरिकेच्या पूर्व भागातल्या करड्या खारीचा आहे. तिथे ती मुबलक आहे, तिचा हंगाम आणि रोजची मर्यादा राज्य सरकार ठरवतं, आणि ती खाल्ली जाते.

सुरुवात फ्रान्समध्ये झाली. १८४५ मध्ये लुई-निकोला फ्लोबेरने बंदुकीच्या टोपीतच, म्हणजे दारू पेटवणाऱ्या छोट्या स्फोटक टोपीत, छोटी गोळी बसवली. वेगळी दारू नव्हती, टोपीतल्या स्फोटकाच्या जोरावरच गोळी सुटायची, आणि लोक ती घरातल्या दिवाणखान्यात नेमबाजीसाठी वापरत. अमेरिकेत स्मिथ अँड वेसन यांनी ही कल्पना पुढे नेली. पुंगळी, म्हणजे काडतुसाचं धातूचं कवच, लांब केली, आत दारू भरली आणि १८५७ मध्ये आपल्या रिव्हॉल्व्हरसाठी .२२ शॉर्ट काडतूस आणलं. ते आजही बनतं.

रिमफायरमध्ये स्फोटक असतं पुंगळीच्या बुडाच्या पोकळ कडेत. घोडा पडला की पिन ती कड चेचते आणि बार उडतो. कड चेचली जायची तर पुंगळीचा पत्रा पातळच हवा, आणि पातळ पत्रा फार दाब सोसत नाही. म्हणून रिमफायरची ताकद जन्मतःच मर्यादित राहिली. वापरलेली पुंगळी पुन्हा भरताही येत नाही.

लिव्हरची गोष्ट अमेरिकेतल्या न्यू हेवन शहरातली. शर्टांचा कारखानदार ऑलिव्हर विंचेस्टर याने व्होल्कॅनिक नावाच्या बंदूक कंपनीत पैसे घातले होते. तिची लिव्हरची यंत्रणा चतुर होती, पण पुंगळीविना गोळी अगदीच दुबळी होती, आणि कंपनी बुडाली. विंचेस्टरने ती ताब्यात घेतली. त्याचा कारागीर बेंजामिन टायलर हेन्री याने .४४ चं रिमफायर काडतूस आणि त्याला साजेशी रायफल घडवली आणि १८६० मध्ये पेटंट घेतलं. नळीखालच्या मॅगझिनमध्ये सोळा काडतुसं मावत. अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या काळात, जेव्हा बहुतेक सैनिक एकेक बार ठासत होते, तेव्हा तिचा दरारा काय असेल याची कल्पना करता येते. १८६६ ची पितळी अंगाची विंचेस्टरही .४४ रिमफायरचीच. १८७३ च्या मॉडेलने सेंटरफायर घेतलं, आणि मोठ्या शिकारीची रायफल तिथून वेगळ्या वाटेने गेली.

छोट्या शिकारीला मात्र ताकद नकोच होती. खारीवर मोठी गोळी झाडली तर खायला काही उरत नाही. ठासणीच्या काळातही तिथले शिकारी त्यासाठी बारीक नळीची वेगळी रायफल ठेवत. १८८४ मध्ये विंचेस्टरने १८७३ च्याच मॉडेलला .२२ ची नळी लावली. १९०४ पर्यंत अशा सुमारे १९,००० रायफली निघाल्या. माझ्या मते ती अर्धवट तडजोड होती. एवढासा बार आणि एवढी जड बंदूक, शिवाय .२२ च्या शॉर्ट (आखूड) आणि लाँग (लांब) काडतुसांसाठी वेगवेगळ्या रायफली. विंचेस्टरचं खरं यश ठरली जॉन ब्राउनिंगची पंप-अ‍ॅक्शनची १८९० ची .२२, जिची नळीखालची मूठ मागे-पुढे सरकवून काडतूस भरलं जातं.

मधल्या काळात, १८८७ मध्ये, स्टीव्हन्स कंपनीचं .२२ लाँग रायफल नावाचं काडतूस आलं. त्याची गोळी ४० ग्रेनची, म्हणजे सुमारे अडीच ग्रॅम. एनसीसीत ज्यांनी 'पॉइंट टू-टू' चालवली आहे त्यांनी हेच काडतूस हाताळलं आहे, फक्त बोल्टच्या, म्हणजे मागचा खटका हाताने ओढून भरायच्या, रायफलीतून. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत आणि स्वप्नील कुसाळे यांची ५० मीटर रायफल नेमबाजीतली पदकंही याच काडतुसावरची.

लिव्हर आणि .२२ यांची खरी जोडी जमवली मार्लिनने. १८९१ च्या मॉडेलमध्ये शॉर्ट, लाँग आणि लाँग रायफल ही तिन्ही काडतुसं एकाच बंदुकीत चालू लागली. १८९७ च्या मॉडेलमध्ये बाजूचा मोठा स्क्रू हाताने फिरवून रायफल दोन भागांत सुटी होऊ लागली. हीच वंशरेषा १९२० च्या दशकात मॉडेल ३९ झाली आणि १९३९ मध्ये ३९ए. पुंगळी बाजूने बाहेर पडते, त्यामुळे वर दुर्बीण बसवता येते. तीन किलोच्या आसपास वजन आणि घडीव पोलादाचे भाग, ही तिची ओळख. मला विचाराल तर या प्रकारातली सर्वांत पूर्ण बंदूक हीच.

१९६४ मध्ये रुगर कंपनीची सेमी-ऑटोमॅटिक, म्हणजे प्रत्येक बारानंतर आपोआप भरणारी, १०/२२ आली आणि झटपट बाराची हौस तिने भागवली. तरी लिव्हर टिकली. सेमी-ऑटोला यंत्रणा फिरवायला बाराचाच जोर लागतो, त्यामुळे हलकं काडतूस तिला चालत नाही. लिव्हर हाताने फिरते, म्हणून मंद आवाजाचं .२२ शॉर्टही तिच्यात बिनदिक्कत चालतं. कायद्याचाही वाटा आहे: पेनसिल्व्हेनियात छोट्या शिकारीला सेमी-ऑटो रायफलीची परवानगी मिळाली ती थेट २०१७ मध्ये.

ब्राउनिंगची बीएल-२२ ही १९६९ ची, जपानच्या मिरोकू कारखान्यातली. तिचा लिव्हर अवघा ३३ अंश फिरतो, आणि वजन सव्वादोन किलोच्या घरात. विंचेस्टरची ९४२२ आली १९७२ मध्ये. योगायोगाने त्याच वर्षी भारतात वन्यजीव संरक्षण कायदा झाला आणि आपल्याकडच्या शिकारीचा अध्याय मिटत गेला. ९४२२ चं उत्पादन २००५ मध्ये थांबलं. आजच्या हेन्री कंपनीचा बेंजामिन हेन्रीशी नावापुरताच संबंध. ती १९९६ मध्ये ब्रुकलिनमध्ये सुरू झाली आणि स्वस्त, गुळगुळीत चालणाऱ्या .२२ ने घराघरांत पोचली. मार्लिन आधी रेमिंग्टनकडे गेली, आणि रेमिंग्टनचं दिवाळं निघाल्यावर २०२० मध्ये रुगरने ती घेतली.

जुनी रायफल घेणाऱ्याने हा सगळा काळ नळीत शोधावा. १९२० च्या दशकापर्यंतच्या काडतुसांतलं स्फोटक नळीला गंज आणायचं, म्हणून त्या काळच्या नळ्या आतून खाल्लेल्या असू शकतात. १९३० च्या सुमारास जास्त वेगाची काडतुसं आली, तेव्हा मार्लिनला मॉडेल ३९ चा बोल्ट, म्हणजे काडतुसाला मागून रोखणारा भाग, बळकट करावा लागला. त्याआधीच्या बंदुकीत आजची वेगवान काडतुसं घालू नयेत. आणि काडतूस जिथे बसतं त्या खोबणीची कड बोटाने चाचपावी. रिकाम्या बंदुकीचा चाप वारंवार ओढला गेला असेल, तर पिनने तिथे खाच पाडलेली असते, आणि मग काडतूस नीट बसत नाही.