वेदना वाईट असते का?

हेराक्लियाचा डायोनिसियस हा प्राचीन ग्रीसमधील स्टोइक या तत्त्वज्ञानपंथाचा संस्थापक झेनो याचा शिष्य होता. वेदना मुळात वाईट नसते, वाईट असतो तो केवळ दुर्गुण, ही शिकवण त्याने अनेक वर्षे अभ्यासली होती. पुढे तो आजारी पडला. रोमन लेखक सिसेरो एका ग्रंथात त्याच्या मूत्रपिंडाच्या विकाराचा उल्लेख करतो, दुसऱ्यात डोळ्यांच्या. कळा असह्य झाल्यावर, आजवर आपण मानत आलो ते खोटे होते, असे तो ओरडून सांगू लागला. सहाध्यायी क्लीन्थिसने कारण विचारले, तेव्हा तो म्हणाला की, इतकी वर्षे तत्त्वज्ञानाला देऊनही मला वेदना सोसवत नाही, वेदना वाईट आहे याला एवढा पुरावा पुरे. पंथ सोडल्याबद्दल त्याला ‘फितूर’ असे नाव पडले. मला मात्र तो प्रामाणिक निरीक्षक वाटतो, कारण सिद्धान्त आणि अनुभव जुळेनात तेव्हा त्याने अनुभव नाकारला नाही.

तरीही स्टोइकांचे म्हणणे निव्वळ हट्टाचे नव्हते. शरीराला होणारी जाणीव आणि ‘हे वाईट आहे’ हा मनाने दिलेला निवाडा, या दोन गोष्टी ते वेगळ्या मानत. मेंदूतही असा भेद आढळतो: इन्शुला या भागाला इजा झालेल्या काही रुग्णांना टोचल्याचे कळते, कुठे टोचले हेही सांगता येते, पण त्याचा त्रास वाटत नाही. व्हिएन्नातील डॉक्टरांनी १९२८ मध्ये अशा अवस्थेचे वर्णन केले होते. अर्थात तिथे ही फारकत इजेमुळे झालेली असते. ती चिंतनाने साधता येते, हे त्यावरून सिद्ध होत नाही.

ॲरिस्टॉटलने तर आधीच बजावले होते की, छळचक्रावर ताणलेला माणूस सज्जन असेल तर सुखी असतो, हे बोलणे निरर्थक आहे.

ग्रीक तत्त्वज्ञ एपिक्युरसने स्टोइकांच्या उलट टोक धरले. त्याच्या मते वेदनेचा संपूर्ण अभाव हीच सुखाची कमाल मर्यादा, आणि वेदना तीव्र असेल तर फार काळ टिकत नाही. मूतखड्याने लघवी अडून चौदा दिवस आजारी राहिल्यावर, इ.स.पू. २७० च्या सुमारास तो वारला. अखेरच्या दिवसांत इडोमेनियस या शिष्याला लिहिलेल्या पत्रात तो वेदना लपवत नाही. ती याहून वाढूच शकत नाही, असे म्हणतो. मात्र आपल्या जुन्या संवादांच्या आठवणींचा आनंद त्या साऱ्याच्या समोर उभा आहे, असे सांगून तो दिवंगत मित्र मेट्रोडोरसच्या मुलांचा सांभाळ करण्याची विनंती करतो.