‘पाऊस’ लिहिलं आणि ‘ऊस’ उरला: सोशल मीडियातून गोष्ट सांगणारी साधनं

पायथन या संगणकभाषेत मजकुरातले शब्द सुटे करण्याची एक सर्रास वापरली जाणारी रीत आहे. सलग आलेली अक्षरं म्हणजे शब्द, आणि अक्षर एकटंच असेल तर ते सोडून द्यायचं, एवढाच तिचा नियम. इंग्रजी मजकुरावर ती बिनबोभाट चालते. तिला ‘पाऊस’ हा शब्द दिला तर ती ‘ऊस’ परत करते. ‘वादळ’ दिलं तर ‘दळ’. ‘पूर’ आणि ‘भूकंप’ दिले तर काहीच परत येत नाही. दोन्ही शब्द नाहीसे होतात.

याचं कारण युनिकोडमधल्या वर्गवारीत आहे. जगभरच्या लिप्यांना संगणकात जागा देणाऱ्या या प्रमाणकात ‘प’ची नोंद अक्षर म्हणून आहे, पण काना, उकार, अनुस्वार यांची नोंद अक्षराला जोडून येणारी खूण म्हणून. पायथनच्या त्या रीतीला अशा खुणा अक्षर वाटत नाहीत. काना दिसला की तिच्या लेखी शब्द संपला. ‘पूर’मधला ‘प’ एकटा पडला, ‘र’ही एकटा पडला, म्हणून दोघेही बाद. काही चुकलंय असा संदेश कुठेही येत नाही. एखाद्या आपत्तीच्या काळातल्या लाखभर मराठी पोस्ट घेऊन कोणी या रीतीने शब्द मोजले, तर यंत्र मुकाट्याने तक्ता काढून देतं, आणि त्या तक्त्यात पूर आलेलाच नसतो.

सोशल मीडियाच्या डेटातून गोष्ट सांगणारी साधनं कशी घडवावीत, या प्रश्नाचा गाभा मला या उदाहरणात दिसतो. ‘शब्द म्हणजे काय’ हे कोणीतरी, कधीतरी, आपल्यासमोरच्या भाषेपुरतं ठरवलं आणि साधनाच्या पोटात ठेवून दिलं. असे निर्णय पायरीपायरीवर असतात. कोणत्या पोस्ट गोळा करायच्या, कोणत्या गाळायच्या, पोस्ट मोजायच्या की माणसं, तासाचा हिशोब धरायचा की दिवसाचा. पत्रकार, संशोधक किंवा कार्यकर्ता जी गोष्ट सांगतो ती या सगळ्या चाळण्यांतून खाली आलेली असते. म्हणून एखादं साधन ‘हवं तसं बदलता येतं’ असं कोणी म्हटलं की मला आधी विचारावंसं वाटतं, नेमकं काय बदलता येतं? बहुतेक वेळा उत्तर येतं रंग, अक्षरांचा आकार, चौकटीची रुंदी. तेही हवंच. पण गोष्ट फिरते ती मोजण्याच्या नियमाने, आणि तो नियम बहुतेक साधनांत कुलूपबंद असतो.

वेळेचंच पाहा. समजा एखादी बातमी पसरली आणि वीस मिनिटं पोस्टचा लोंढा आला. दिवसागणिक आकडे मांडले तर तो लोंढा दिवसाच्या बेरजेत विरून जातो. सेकंदागणिक मांडले तर आलेख इतका थरथरतो की त्यात खरा उंचवटा कोणता हे डोळ्यांना कळत नाही. पाच मिनिटांचे गठ्ठे केले तर तोच लोंढा सुळक्यासारखा वर येतो. डेटा तिन्ही वेळा एकच होता.

मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतल्या संशोधकांनी २०११ मध्ये ट्विटइन्फो नावाचं साधन मांडलं. तेव्हा त्यांच्यापुढे हाच पेच होता. एखाद्या घटनेवरचे ट्वीट गोळा करून त्यांतले महत्त्वाचे क्षण आपोआप शोधायचे आणि प्रत्येक क्षणाला त्याच वेळच्या ट्वीटमधल्या ठळक शब्दांचं लेबल लावायचं, म्हणजे सामना न पाहिलेल्या माणसालाही गोल कधी झाला आणि कोणी केला ते समजावं, असा त्यांचा हेतू. सुळका ओळखण्याची युक्ती त्यांनी अगदी वेगळ्या ठिकाणाहून आणली. इंटरनेटवर माहितीची पाकिटं पाठवणारी यंत्रणा सतत अंदाज बांधत असते: पोच यायला साधारण किती वेळ लागतो, आणि तो वेळ साधारण किती मागेपुढे होतो? पोच त्या अंदाजापलीकडे लांबली की वाटेत काहीतरी बिनसलं, असं ती धरते. ट्विटइन्फोने हाच हिशोब ट्वीटच्या संख्येला लावला. नेहमीची सरासरी आणि नेहमीची हेलकाव्याची मर्यादा मनात ठेवायची, ताज्या आकड्यांनी ती थोडी थोडी सुधारत राहायची, आणि एखादा आकडा मर्यादेच्या ठरावीक पट वर गेला की तिथे सुळका सुरू झाला असं म्हणायचं. मला ही उसनवारी फार आवडते, कारण तिच्यात ‘नेहमीचं’ म्हणजे काय हे बाहेरून लादलेलं नाही, त्या त्या विषयाच्या स्वतःच्या चालीवरून ते ठरतं. तरीही ‘ठरावीक पट’ म्हणजे किती पट, हा आकडा माणसानेच निवडलेला असतो. तो थोडा खाली आणला तर दहा क्षण महत्त्वाचे ठरतात, वर नेला तर दोनच. गोष्टीला किती प्रकरणं असावीत हे त्या एका आकड्यावर ठरतं, म्हणून तो गोष्ट सांगणाऱ्याच्या हाताशी असायला हवा.

त्याच साधनातली आणखी एक बारकाई सांगायलाच हवी. पोस्टमधला भाव ओळखणारे प्रोग्राम आनंद आणि नाराजी सारख्याच कौशल्याने ओळखत नाहीत. समजा, शंभर आनंदी पोस्टपैकी त्यांना ऐंशी सापडतात आणि शंभर नाराज पोस्टपैकी चाळीसच. मग प्रत्यक्षात भावना समसमान असल्या तरी वर्तुळाकार आलेखात आनंद दुप्पट दिसेल. ट्विटइन्फोच्या कर्त्यांनी प्रत्येक बाजूची पकडण्याची क्षमता आधी मोजली आणि आकडे त्या प्रमाणात दुरुस्त करून मगच आलेख काढला. वाचकाला ही दुरुस्ती दिसतही नाही, पण तिच्याविना तो आलेख खोटं बोलला असता.

आता नकाशाकडे येऊ. २०१२ च्या ऑक्टोबरअखेरीस सँडी चक्रीवादळ अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर धडकलं. २७ ऑक्टोबर ते १ नोव्हेंबर या काळात त्याबद्दल दोन कोटींहून अधिक ट्वीट झाले, आणि न्यूयॉर्क परिसरातले सर्वाधिक ट्वीट मॅनहॅटनमधून आले होते. नुसत्या आकड्यांवर विसंबलं तर वादळाचा घाव मॅनहॅटनवरच बसला असं वाटावं. प्रत्यक्षात ब्रीझी पॉइंट, कोनी आयलंड, रॉकअवे या किनारी वस्त्यांची अवस्था कितीतरी वाईट होती. तिथून आवाज कमी आला, कारण वीज गेली होती, फोनच्या बॅटऱ्या संपल्या होत्या, आणि स्मार्टफोन बाळगणारी, सतत ट्वीट करणारी माणसं मुळात मॅनहॅटनमध्ये जास्त होती. याच माध्यमाने इतरत्र मोलाचं कामही केलं आहे. टोकियो विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१० मध्ये दाखवलं की ट्विटरवरच्या पोस्ट पाहून जपानच्या हवामान संस्थेच्या मापनानुसार तीन किंवा त्याहून अधिक तीव्रतेचे ९६ टक्के भूकंप ओळखता येतात. भूकंपात हादरलेला माणूस लगेच लिहितो. दोन दिवस अंधारात अडकलेल्याला लिहिता येत नाही.

म्हणून नकाशा काढणाऱ्या साधनात ‘एकूण किती’ याच्या शेजारी ‘नेहमीपेक्षा किती’ हा पर्याय असलाच पाहिजे. मॅनहॅटन नेहमीच बोलकं असतं. एरवी थोडंफार बोलणारी वस्ती अचानक गप्प झाली, तर ती शांतता हीच बातमी असते. नकाशावर गप्प झालेल्या जागांना वेगळा रंग देता आला, तर मदत करणाऱ्याची नजर आधी तिकडे जाईल. असाच एक पर्याय पोस्ट आणि माणसं यांतला. प्यू रिसर्च सेंटर या अमेरिकेतल्या जनमत अभ्यासणाऱ्या संस्थेने २०१९ मध्ये दिलेल्या आकड्यांनुसार ट्विटरवरच्या अमेरिकी प्रौढांपैकी सर्वाधिक लिहिणारे १० टक्के लोक ८० टक्के ट्वीट करत होते. ‘लोक काय म्हणतात’ या मथळ्याखाली आपण बहुधा या दहा टक्क्यांचं म्हणणं वाचत असतो. पोस्टऐवजी वेगवेगळी माणसं मोजण्याचं एक बटण बाजूला असेल, तर ते दाबून पाहिल्यावर किती मथळे टिकतील हे तपासता येतं.

मग सगळेच निर्णय वापरणाऱ्यावर सोपवावेत का? इथे साधन घडवणाऱ्याची खरी परीक्षा आहे. मुलांसाठी लोगो ही संगणकभाषा घडवणाऱ्यांपैकी एक, सेमूर पॅपर्ट, म्हणत असत की साधनाचा उंबरठा ठेंगणा हवा आणि छत उंच: नवख्याला आत येता यावं आणि जाणत्याला डोकं न आपटता वाढता यावं. पुढे मुलांसाठीच स्क्रॅच ही संगणकभाषा घडवणाऱ्या मिचेल रेझनिक यांनी त्यात रुंद भिंतींची भर घातली. सगळे एकाच वाटेने वर जात नाहीत, आडव्या वाटाही हव्यात. आजच्या साधनांना हे माप लावून पाहा. नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या नाइट लॅबचं टाइमलाइनजेएस वापरायला गुगल शीटमध्ये तारखा आणि मजकूर भरता आला की पुरे. उंबरठा जवळजवळ नाहीच, पण त्यातून निघते ती टाइमलाइनच. २०११ मध्ये आलेल्या डीथ्री या लायब्ररीत, म्हणजे तयार कोडच्या संचात, जवळपास कोणतंही चित्र काढता येतं, मात्र त्यासाठी कोड लिहिता यावा लागतो. या दोहोंमध्ये व्हेगा-लाइटसारखी भाषा बसते. तिच्यात चित्र कसं काढायचं याच्या आज्ञा द्याव्या लागत नाहीत. वेळ आडव्या अक्षावर, संख्या उभ्या अक्षावर, भाषेनुसार रंग, एवढं सांगितलं की बाकीचं ती स्वतः भरते, आणि तिने भरलेलं पटलं नाही तर तेवढंच बदलता येतं. सोशल मीडियाच्या गोष्टींसाठी मला हीच घडण सगळ्यात योग्य वाटते. साधनाने स्वतःहून चांगली निवड करून ठेवावी, पण ती निवड आहे हे लपवू नये.

वाचकाला किती मोकळीक द्यावी हाही वेगळा निर्णय असतो. एडवर्ड सेगेल आणि जेफ्री हीर या संशोधकांनी २०१० मध्ये डेटातून सांगितलेल्या अनेक गोष्टी तपासून त्यांचे प्रकार मांडले. त्यांतल्या एकाला त्यांनी मार्टिनीच्या पेल्याचं नाव दिलं. आधी अरुंद दांड्यातून लेखक हाताला धरून नेतो, मग पेला पसरतो आणि वाचक हवं तिकडे फिरतो. सोशल मीडियाच्या बाबतीत त्या पसरट भागात मूळ पोस्टपर्यंत पोहोचण्याची वाट हवीच, असं माझं ठाम मत आहे. सुळक्यावर बोट ठेवलं की त्याखालची माणसांची वाक्यं दिसली पाहिजेत. त्याशिवाय सुळका रागाचा होता, शोकाचा होता की एकाच प्रोग्रामने हजार खात्यांवरून टाकलेल्या सारख्या मजकुराचा, हे वाचकाला कळणार कसं?

बदलता येणाऱ्या अशा निवडी, म्हणजे साधनाच्या खुंट्या, जास्त दिल्या की एक खरा धोका उभा राहतो. हवी ती गोष्ट निघेपर्यंत माणूस खुंट्या पिळत राहू शकतो. तासाच्या हिशोबात सुळका नाही? मग दहा मिनिटं करा. अजून नाही? एक हॅशटॅग गाळा. यावर खुंट्या काढून घेणं हा उपाय नव्हे, कारण मग तोच निर्णय साधन घडवणारा गुपचूप घेतो. त्यापेक्षा गोष्टीसोबत तिची कृतीही जावी: कोणत्या तारखांच्या पोस्ट, कोणते शब्द शोधले, काय गाळलं, गठ्ठा किती मिनिटांचा. साधनाने हे स्वतःच लिहून ठेवावं आणि गोष्ट प्रसिद्ध होताना तिला जोडावं. आणखी एक पाऊल पुढे जाता येईल. गठ्ठ्याचा आकार अर्धा आणि दुप्पट केल्यावर सुळका टिकतो का, हे साधनाने न विचारता तपासून लेखकाला दाखवावं. अशी तपासणी संगणकाला क्षणभराचं काम आहे.

ज्या दारातून डेटा येतो ते दार मात्र दुसऱ्याच्या मालकीचं आहे. वेगवेगळ्या सोशल मीडियावरच्या पोस्ट जोडून गोष्ट रचू देणारं स्टोरिफाय मे २०१८ मध्ये बंद झालं. ट्विटरने २०२१ च्या जानेवारीत संशोधकांना जुन्या ट्वीटचा संपूर्ण साठा मोफत खुला केला होता, २०२३ मध्ये ती सोय संपली. कोणत्या पोस्ट किती पसरतात हे दाखवणारं, पत्रकारांच्या रोजच्या वापरातलं क्राउडटँगल फेसबुकची मालक कंपनी मेटाने १४ ऑगस्ट २०२४ रोजी बंद केलं. या धक्क्यांतून घडणीचा धडा सरळ निघतो. पोस्ट गोळा करणारा भाग बाकीच्या साधनापासून सुटा ठेवावा, म्हणजे एक दार लागलं तरी मोजणं, चित्र काढणं आणि गोष्ट रचणं दुसऱ्या दारातून आलेल्या डेटावर चालू राहतं.

शेवटी पोस्ट लिहिणाऱ्या माणसाचा हक्क उरतो. ऑगस्ट २०१४ मध्ये अमेरिकेतल्या फर्ग्युसन इथे पोलिसाच्या गोळीने एक निःशस्त्र कृष्णवर्णीय तरुण मारला गेला आणि निदर्शनं पेटली. त्या दिवसांतले एक कोटीहून अधिक ट्वीट काही अभिलेखकारांनी गोळा केले, आणि त्या कामातून पुढे ‘डॉक्युमेंटिंग द नाऊ’ हा प्रकल्प उभा राहिला. निदर्शकाचं ट्वीट इतिहासासाठी मोलाचं असतं, तसंच ते त्याच्याविरुद्ध वापरलंही जाऊ शकतं. म्हणून तिथे एक पद्धत रुळली. ट्वीटचा मजकूर वाटायचा नाही, फक्त त्याचा क्रमांक वाटायचा. ज्याला अभ्यास करायचा आहे त्याने ते क्रमांक मूळ ठिकाणी नेऊन मजकूर परत भरून घ्यायचा. मधल्या काळात लिहिणाऱ्याने ट्वीट पुसलं असेल, तर त्या क्रमांकावर काहीच येत नाही.

गोष्ट सांगणाऱ्या साधनालाही हीच शिस्त लावता येते. मूळ पोस्टची प्रत साठवायची नाही, खुणेचा क्रमांक साठवायचा आणि वाचकाने पान उघडलं की मजकूर मागवायचा. मग एखाद्या दिवशी गोष्टीच्या मधोमध एक चौकट रिकामी होईल. ती चौकट गुपचूप मिटवून पुढच्या पोस्ट वर सरकवायच्या, की रिकामी ठेवून ‘लिहिणाऱ्याने हे मागे घेतलं आहे’ एवढंच तिच्यात छापायचं, हे साधन घडवणाऱ्याला आधीच ठरवून ठेवावं लागतं. मी ती रिकामी ठेवेन.