कुंडीखालची ताटली

सप्टेंबरात नाशिकला, इंदिरानगरात मावशीकडे गेले होते. तिच्या बाल्कनीत सिट्रोनेला (गवती चहाच्याच जातकुळीतलं सुगंधी गवत), गवती चहा, तुळस आणि पानओव्याच्या कुंड्या ओळीनं मांडलेल्या आहेत. घरात डास येऊ नयेत म्हणून हौसेनं जमवलेल्या. बोलता बोलता सिट्रोनेलाची कुंडी जरा सरकवली, तर खालच्या ताटलीतल्या बोटभर पाण्यात अळ्या वळवळत होत्या. डासांच्याच. वर पानांचा झुपका, आणि मादीनं अंडी घातली ती बरोबर त्याच्या बुडाशी.

मावशीला वाटलं, नर्सरीवाल्यानं भलतंच रोप दिलं. रोप अस्सल होतं. गवती चहाचं पान नुसतं नाकाशी धरा, वास जेमतेम येतो. चुरगाळलं की लगेच दरवळतो. सुगंधी तेल गवती चहात पानाच्या आतल्या पेशींमध्ये असतं, तर तुळस-पुदिन्यात पानावरच्या सूक्ष्म ग्रंथींमध्ये. ते झाडानं स्वतःसाठी केलेलं असतं. कुणी पान कुरतडलं की पेशी फुटाव्यात आणि ते तेल त्याच्या तोंडाला लागावं. न दुखावलेलं झाड हवेत फार थोडा वास सोडतं. डासाची मादी मात्र आपल्या उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड, घामातलं लॅक्टिक ॲसिड आणि अंगाची ऊब यांचा माग काढत येते. तो माग लपवायला कोपऱ्यात शांत उभी असलेली कुंडी पुरत नाही. ‘मॉस्किटो प्लांट’ म्हणून विकल्या जाणाऱ्या एका सुगंधी जिरेनियमवर कॅनडात प्रयोग झाले, तेव्हा एडिस डास चक्क त्याच्या पानांवर येऊन बसताना दिसले होते.

तेल वेगळं काढलं की गुण नक्की दिसतो. सिट्रोनेलातले सिट्रोनेलाल आणि जिरेनिऑल डासांना नकोसे वाटतात, पण ते झपाट्यानं उडून जातात. अंगावर त्यांचा असर तास-दोन तासांच्या पुढे सहसा टिकत नाही. १९४६ साली अमेरिकी सैन्यानं वापरात आणलेलं डीट हे डास पळवणारं रसायन म्हणूनच आजही सरस ठरतं. वनस्पतीजन्य पर्यायांत लिंबाच्या वासाच्या निलगिरीपासून मिळणारं पीएमडी हे द्रव्य चांगलं टिकतं. घरात सर्दीसाठी ठेवतो ते निलगिरीचं तेल वेगळं, त्याच्याकडून ही अपेक्षा नको. आणि कुठलंही सुगंधी तेल थेट कातडीवर चोळू नका, आग होते. लहान मुलांना तर नकोच.

मग ही झाडं लावायची की नाही? मी म्हणेन, जरूर लावा, फक्त त्यांच्याकडून काम करून घ्या. संध्याकाळी चार पानं चुरगाळून खिडकीत ठेवली तर थोडा वेळ तरी फरक पडतो. जोडीला पंखा लावा. डास अशक्त उडणारा, वाऱ्यापुढे त्याचं फारसं चालत नाही, आणि आपल्या श्वासाचा मागही पंख्यानं विखुरतो.

गवती चहाचा ठोंब पावसाळ्यात मुळासकट फोडून लावला की हमखास जगतो. त्याला पाच-सहा तास ऊन आणि खोल कुंडी हवी. आपल्याकडची काळी माती कुंडीत एकटी वापरू नका. ओली असताना ती चिकटून बसते, वाळली की भेगाळते आणि मुळं गुदमरतात. निम्म्याला निम्मं शेणखत किंवा गांडूळखत आणि जाड वाळू मिसळा. पातं कापताना बुडाशी चार बोटं राखा, आणि हात जपा, कडा धारदार असतात. सिट्रोनेला दिसायला अगदी तसाच, पण त्याचे बुंधे लालसर असतात. तो चहात घालायचा नाही. पानओव्याची फांदी मातीत खोचली तरी रुजते, मरतो तो जास्त पाण्यानं. तुळशीच्या मंजिऱ्या वेळेवर खुडत गेलात तर ती डेरेदार होते, मात्र नाशिकची डिसेंबर-जानेवारीची थंडी तिला सोसत नाही. त्या दिवसांत पाणी कमी करा आणि कुंडी उन्हात, भिंतीच्या आडोशाला न्या.

आता ती ताटली. डेंग्यू पसरवणारा एडिस इजिप्ती घरातल्या साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो आणि मुख्यतः दिवसा चावतो. मादी अंडी घालते ती पाण्याच्या रेषेच्या जरा वर, ओलसर कडेला. ती अंडी सुकून कित्येक महिने तग धरतात, आणि पुन्हा पाणी चढलं की अळ्या बाहेर येतात. उबदार हवेत अंड्यापासून उडणारा डास व्हायला आठवडा-दहा दिवस पुरतात. त्यामुळे ताटली नुसती उपडी करून भागत नाही, कडा काथ्यानं खसाखसा घासायला लागते. मनीप्लँटची बाटली, कूलर, गच्चीवरचा जुना टायर, सगळ्यांना हाच नियम. आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा असं आरोग्य खातं सांगतं, ते याच हिशेबानं.

मावशीनं सगळ्या ताटल्या घासल्या आणि काठोकाठ जाड वाळूनं भरल्या. जादा पाणी वाळूत मुरतं, वर साचत नाही. गवती चहा आता इतका माजलाय की परवा तिनं मला अर्धा ठोंब वर्तमानपत्रात गुंडाळून दिला.